देणाऱ्याची आठवण

गोणपाट सुतळीनं घट्ट शिवलेलं होतं. दुसरं कुणी असतं तर सुरी घालून मोकळं झालं असतं. आईनं ओट्यावर बसून एकेक टाका सुईच्या टोकानं उसवला, सुतळीची लडी केली, ती कोनाड्यात ठेवली आणि मग गोणपाट बाजूला सारलं. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. धुळ्याहून अण्णांचे, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचे, कारकून दत्तोपंत हे ओझं एसटीच्या टपावरून घेऊन आले होते. पाणी पिऊन निघताना मला म्हणाले होते, "शरूताई, नशीब काढलंत. यंदा वकीलसाहेबांनी हात सैल सोडलाय."

गोणपाटाच्या आत निळ्या छिटाची खोळ होती. कडेनं पांढरी पट्टी, चारही कोपरे नेटके दुमडलेले. वर टाचणीनं चिठ्ठी लावलेली: चि. शरयूस दीपावलीनिमित्त सप्रेम भेट. आईनं टाचणी काढून पदराला खोचली आणि खोळ वर उचलली.

आत शिवणाचं मशीन होतं. हातानं फिरवायचं, काळं, सोनेरी वेलबुट्टी निम्मीशिम्मी पुसलेलं. आईचा हात सवयीनं चाकाच्या दांड्याकडे गेला आणि मुठीवर थांबला.

ती मूठ मशीनची नव्हती. ती लाटण्याची मूठ होती. मी ती कुठेही ओळखली असती, कारण ती बसवताना मी तिथं होते. मशीनची मूळची मूठ तडकली, तेव्हा माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, आईच्या मोडक्या लाटण्याचं टोक करवतीनं कापलं, आरपार भोक पाडलं, तेल लावून दांड्यावर बसवलं आणि मला मांडीवर घेऊन म्हणाले, "फिरव. पोळी लाट." मी फिरवत बसले आणि आई ओरडत बसली, की दोरा गुंततोय.

म्हणजे मशीन आमचंच होतं. आईच्या लग्नात तिच्या वडिलांनी, माझ्या आजोबांनी, दिलेलं. नरडाण्याला पोस्टात होते ते. दागिना एकच घातला, पण मशीन दिलं. मांडवात बायका हसल्या म्हणे, की मुलीला संसार देताय का दुकान.

दादा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. दादा धुळ्याच्या एका कापसाच्या जिनात हिशेबनीस होते. थोरले भाऊ म्हणून अण्णा आले, घर रिकामं करायचं सगळं त्यांनीच बघितलं. आम्ही पारोळ्याला मामाच्या मागच्या खोलीत राहायला जायचं ठरलं. भांडी पोत्यात भरली, गाद्या बांधल्या, आणि मशीनपाशी अण्णा म्हणाले, की हे आमच्याकडे राहू दे, एवढं लोखंड कुठं ओढत नेणार, लागेल तेव्हा कळवा. आईशी नाही म्हणाले, मला म्हणाले, "आईला सांग." आमच्या घरात धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी रीत होती. आई दाराआड उभी राहायची, अण्णा भिंतीकडे बघून बोलायचे, आणि मधे एखादं पोर उभं करायचं. ते पोर बहुधा मी असायची.

पुढच्याच वर्षी आईनं मशीन मागितलं. काकूंचं, अण्णांच्या बायकोचं, उत्तर आलं, की लीलूनं नुकताच शिवणाचा वर्ग लावलाय, एवढं वर्ष जाऊ दे. लीलू म्हणजे अण्णांची मुलगी, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ते वर्ष गेलं आणि पुढचीही गेली. आईनं परत मागितलं नाही. ती हातानं शिवत राहिली. पारोळ्याच्या बायका पोलकी शिंप्याकडे शिवायला टाकायच्या आणि काजं, तुरपाई, हूक आमच्याकडे. दुपारी उंबऱ्यात उजेडाला बसून ती काजं करायची. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक असं घट्ट झालं होतं की सुई टोचलेली कळायची नाही. मला ते बोट बघवत नसे.

आणि दर दिवाळीला अण्णांची भेट यायची. फ्रॉकचं कापड, कंपासपेटी, एकदा छत्री. भेट आली की पत्र लिहायचं.

हे पत्रांचं खूळ अण्णांनी मुंबईहून आणलेलं होतं. वकिलीच्या सुरुवातीला ते तिथं एका बॅरिस्टरच्या हाताखाली होते, त्या घरी मुलं भेटीबद्दल आभाराची पत्रं लिहीत. अण्णांना ते फार आवडलं. आपल्याकडे दिलं काय आणि घेतलं काय, कुणी तोंडानं बोलत नाही, हा रानटीपणा, असं ते म्हणत. त्यांनी नियमच घालून दिला होता: आभाराच्या पत्रात तीन गोष्टी हव्यात. वस्तूचं नाव, वस्तूचा उपयोग, देणाऱ्याची आठवण. भाऊबिजेला पत्र त्यांच्या हाती दिलं की ते मागाहून तांबड्या पेन्सिलीनं तपासून टपालानं परत पाठवत. ऱ्हस्वदीर्घ सुधारलेलं, समासात शेरा. 'उपयोग मोघम लिहिला आहे.' 'आठवण बरी.' आई ते परत आलेलं पत्र वाचायची आणि त्यानं चूल पेटवायची. मला वाटायचं काटकसर.

भाऊबिजेला सगळे धुळ्याला जमले की जेवणानंतर वाचन व्हायचं. ज्याचं त्यानं उभं राहून आपलं पत्र सगळ्यांसमोर वाचायचं, अण्णा झोपाळ्यावर डोळे मिटून ऐकायचे. आम्हालाही तिकीट काढून जावं लागे.

तर त्या दिवशी आईनं मुठीवरचा हात काढला आणि मशीन फिरवून बघितलं. कर्र असा आवाज आला. सुई मोडकी होती. तेलाचं नाव नव्हतं. ती म्हणाली, "पत्र लिहायला घे."

मी विचारलं, "कसलं पत्र?"

"दर वर्षी लिहितेस ते."

"हे आपलं आहे."

"माहीत आहे मला कुणाचं आहे."

मी म्हणाले की मी लिहिणार नाही. मला सोळावं लागलं होतं, अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होते, आणि राग असा चढला होता की कानशिलं गरम झाली होती. मी बरंच बोलले. त्यांना नवीन पायाचं मशीन आलं असेल, अडगळ झाली म्हणून काढली, आणि वर सप्रेम भेट. आपलीच वस्तू आपल्याला दिल्याबद्दल आपणच पाय धरायचे. मामी मधल्या दारात येऊन उभी राहिली आणि आईकडे बघून परत गेली.

आई सगळं ऐकून घेत गोणपाट झटकत होती. घडी घालून झाल्यावर म्हणाली, "जूनमध्ये कॉलेजात जायचंय ना?"

तिनं नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. पारोळ्याला तेव्हा कॉलेज नव्हतं. मामांच्या मास्तरकीवर सहा तोंडं होती, त्यांना विचारायचीही सोय नव्हती. अण्णांकडे धुळ्याला राहून शिकायचं, असं बोलणं चाललं होतं, आणि यंदाच्या भाऊबिजेला अण्णा हो की नाही ते सांगणार होते. माझ्या वर्गातल्या मुलींची एकेक करून लग्नं ठरत होती. मला शिकायचं होतं. इतकं की त्यासाठी मी त्यांच्या घरी रोज सकाळी केर काढला असता.

"मग लिही," आई म्हणाली.

तिनं सांगितलं आणि मी लिहिलं. तीर्थरूप अण्णांस शिरसाष्टांग नमस्कार. आपण पाठविलेले शिवणाचे मशीन पोचले. त्यावर घरचे व बाहेरचे शिवण होईल व त्याचा आम्हांस फार उपयोग होईल. इथपर्यंत लिहून मी पुढची ओळ आपल्या मनानंच घातली, कारण ती दर वर्षी ठरलेली असायची: आपली आठवण सदैव राहील.

आईनं कागद उचलून वाचला. ती ओळ आली तशी म्हणाली, "ही खोडून टाक."

"नियम आहे."

"असू दे. खोड. नाहीतर दुसऱ्या कागदावर उतरवून काढ, खाडाखोड नको."

मी दुसऱ्या कागदावर उतरवून काढलं आणि शेवटी नमस्कार घालून सही केली. ती ओळ का नको, हे मी विचारलं नाही. मला तिचाच राग आला होता. अण्णांचा राग लांबचा होता, धुळ्याचा. आईचा राग इथला होता, उंबऱ्यात बसून सुईत दोरा ओवणाऱ्या बाईचा. वाटलं, हिला काहीच कसं होत नाही. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही, आणि तिनंही माझी मनधरणी केली नाही. मशीन तिनं कोपऱ्यात ठेवलं आणि खोळ घातली. दिवाळीत त्याला हात लावला नाही.

भाऊबिजेला सकाळच्या गाडीनं धुळ्याला गेलो. अण्णांची बंगली कोर्टाच्या मागं होती, पुढं कडुनिंब, हॉलमध्ये पितळी कड्यांचा झोपाळा. गेल्या गेल्या आई आत स्वयंपाकघरात गेली आणि पुरणाला बसली. मी रघूला, अण्णांच्या मुलाला, ओवाळलं. जेवणं झाली. आईची पंगत शेवटची, काकूंबरोबर आत.

लीलूच्या खोलीत नवीन मशीन होतं. पायाचं, पॉलिश केलेल्या लाकडी टेबलाचं. लीलू मला हौसेनं दाखवत होती. मुलगी वाईट नव्हती. म्हणाली, "शरू, खोळ मी शिवली बरं का. आईला म्हटलं, उघडंबोडकं काय पाठवायचं. नवं कापड आणलं आणि तुमच्याच मशीनवर शेवटचं शिवण म्हणून तीच शिवली." तुमच्याच, हा शब्द तिनं इतक्या सहज वापरला की मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. म्हणजे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. विसरलं कुणीच नव्हतं. मला आधी वाटत होतं की विसरले असतील, माणसं विसरतात, आणि त्या विचारावर मी निम्मा राग गिळला होता. तो परत वर आला.

मग झोपाळ्यावर अण्णा बसले आणि वाचन सुरू झालं. काकू पानसुपारीचं तबक घेऊन खाली सतरंजीवर. आई स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीच्या आत, डोक्यावरून पदर घेऊन. आधी रघूनं वाचलं. त्याच्या मामानं फाउंटन पेन दिलं होतं आणि पेनाचा उपयोग सांगताना त्यानं लिहिलं होतं की याने शाई कमी सांडते. सगळे हसले, अण्णांनी शेरा दिला की उपयोग प्रामाणिक आहे. लीलूनं आपल्या वडिलांना मशीनबद्दल लिहिलेलं वाचलं. अण्णांनी मान डोलावली.

"शरयू," ते म्हणाले.

मी उभी राहिले. आवाज ठीक निघाला. तीर्थरूप अण्णांस शिरसाष्टांग नमस्कार. मशीन पोचले. उपयोग होईल. आपली आज्ञाधारक शरयू. मी कागदाची घडी घातली.

अण्णांनी डोळे उघडले. "तिसरं?"

मी कागदाची आणखी एक घडी घातली.

"नाव झालं, उपयोग झाला. देणाऱ्याची आठवण कुठंय? सर्वांत मोठी भेट यंदा तुला आणि पत्रात तिसरं कलमच नाही. विसरलीस?"

"नाही," मी म्हणाले.

"मग तोंडानं सांग. सगळे ऐकताहेत. जूनमध्ये या घरात राहायला यायचंय तुला, इथल्या पद्धती यायला हव्यात."

म्हणजे होकार होता. तो त्यांनी असा, माझ्या तोंडच्या एका वाक्यावर टांगून, समोर धरला होता. आपली आठवण सदैव राहील. चार शब्द. मी ते दर वर्षी लिहिले होते, छत्रीसाठी, कंपासपेटीसाठी, आणि ते खरेही असतील. त्या दिवशी ते माझ्या तोंडून निघेनात. मी दाराकडे बघितलं. आईचा चेहरा पदराच्या सावलीत होता.

काकूंना माझी दया आली असावी, किंवा बसून पाय अवघडले असावेत. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या हो, पोर बावरलीय. शरू, मशीन अगदी चालतं आहे बरं का, लीलूचा सगळा कोर्स त्यावर झाला. फक्त आईला सांग, ती मूठ बदलून घे म्हणावं. कुणीतरी जुन्या लाटण्याचं टोक बसवलंय. बरं नाही दिसत."

आई चौकटीतून बाहेर आली. एकच पाऊल, पण हॉलमध्ये. अण्णा समोर असताना ती हॉलमध्ये आल्याचं मी पहिल्यांदा बघत होते.

"कुणीतरी नाही," ती म्हणाली. "लाटणं माझं. बसवलं यांनी."

यांनी म्हणताना तिनं भिंतीवरच्या दादांच्या फोटोकडे मान केली. फोटोला झेंडूचा हार होता, दिवाळीचा.

"आणि मशीन माझ्या वडिलांनी दिलं. देणाऱ्याची आठवण विचारलीत ना, ती ही. पोरीच्या पत्रातून ती ओळ मी काढायला लावली. तिनं लिहिली होती."

झोपाळ्याची कडी करकरत होती, ती थांबली. अण्णांचा चेहरा काळा झाला. पण तेवढ्यातही रीत त्यांच्या अंगातून सुटेना. त्यांनी आईकडे बघितलं नाही. लीलूकडे वळले. "लीलू, काकूला म्हणावं, मशीन इथं सांभाळलं म्हणून आज धड आहे. त्या खोलीत गंजून गेलं असतं."

"लीलूला मधे घालू नका," आई म्हणाली. "मी ऐकते आहे. माझ्याशी बोला."

अण्णा बोलेनात. आम्ही सगळे वाट बघत होतो. वकील माणूस, कोर्टात तासतास बोलणारा. आणि समोर उभ्या असलेल्या भावजयीशी एक वाक्य बोलायला त्यांना तोंड सापडेना. ते कडुनिंबाकडे बघत राहिले.

काकूच आईला म्हणाल्या, "लीलू शिकत होती म्हणून राहिलं, द्वारका. तुला कळवलं होतं मी."

"हो, कळवलं होतंत. मी मागितलं होतं, हेही लक्षात आहे म्हणजे." आईचा आवाज चढला नव्हता. काजं करताना ती बोलायची तसाच होता, खालच्या पट्टीत, एका सुरात. "लीलू शिकली, बरं झालं. माझीच पुतणी आहे. पण तेव्हाच मी पारोळ्याची काजं हातानं करत होते. आता तुम्हाला नको झालं म्हणून माझं मला आलं. आलं, पोचलं, उपयोग होईल. तेवढं पत्रात आहे. त्याच्यापुढं माझ्या पोरीकडून वदवून घेऊ नका."

अण्णा उठले. झोपाळा त्यांच्या मागं हलत राहिला. आतल्या दाराशी पोचल्यावर, कुणाकडेच न बघता, म्हणाले, "जूनचं मला कुणी विचारायचं नाही."

"नाही विचारणार," आई म्हणाली.

दार लागलं. काकू तबकातली सुपारी उगीच इकडची तिकडे करत होत्या. रघू माझ्याकडे असा बघत होता, जसं मी काही केलंय. मी काहीच केलं नव्हतं. मी फक्त गप्प राहिले होते. आई आत गेली, आपली पिशवी घेऊन आली, काकूंना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "पुरण झाकून ठेवलंय. संध्याकाळी गरम करताना दूध घाला." मग मला म्हणाली, "चल."

रस्त्यानं मी रडत होते. कॉलेज गेलं होतं, ते दिसत होतं मला, स्पष्ट, एखादी गाडी डोळ्यांदेखत सुटावी तसं. आणि तरी रडणं त्याचं नव्हतं. मला राग येत होता की हे एवढं हिच्या पोटात होतं तर इतकी वर्षं कुठं होतं. स्टँडजवळच्या एका दुकानात आईनं मशीनच्या सुया घेतल्या आणि तेलाची कुपी. दुकानदारानं कुठलं मशीन म्हणून विचारलं, तर तिनं नंबर पाठ असल्यासारखा सांगितला.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "ती ओळ तेवढीच का काढायला लावलीस? लिहायचंच नव्हतं तर सगळंच नको म्हणायचं होतंस."

आई खिडकीबाहेर बघत होती. कापूस फुटलेली शेतं मागं पळत होती. "बाकीचं खरं होतं," ती म्हणाली.

घरी आलो तेव्हा अजून उजेड होता. मामीनं तोंडावरूनच ओळखलं आणि काही विचारलं नाही. आईनं लुगड्याचा ओचा खोचला, मशीन उंबऱ्यात उजेडाला आणलं, तेल घातलं, चाक पुढं-मागं करून मुरवलं, नवी सुई बसवली, दोरा ओवला. चिंधीवर एक शिवण घालून बघितली. मूठ धरून ती फिरवत होती आणि मी बघत होते, की त्या मुठीवर तिचा हात जिथं पडतो तिथं लाकूड आधीच झिजलेलं आहे. तिच्या हातानं आणि मग इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हातानं.

चिंधी उलटसुलट करून बघत ती म्हणाली, "पत्र लिहायला घे."

मी जवळजवळ ओरडले. "आता कुणाला?"

"लीलूला."

"लीलूला कशाला? काय दिलंय लीलूनं आपल्याला?"

"खोळ."

खोळ घडी करून तिच्या मांडीवर होती. निळं छीट, पांढरी पट्टी. ते कापड आमचं नव्हतं, दोरा आमचा नव्हता, आणि कुणी सांगितलं नसताना लीलूनं ती शिवली होती. हे मला आज कळतं. तेव्हा मी दात खाऊन कागद ओढला आणि दौतीत टाक असा बुडवला की शाई ओट्यावर उडाली.

अण्णा गेले, काकू गेल्या. मी अमळनेरच्या कॉलेजात रोज एसटीनं जाऊन बी.ए. झाले, ते कशावर, हे सांगायला नको. ते मशीन अजून माझ्याकडे आहे. मुठीसकट. अण्णांनी मरण्याआधी एकदा लीलूकरवी निरोप पाठवला होता, की शरयूनं येऊन भेटून जावं. लीलूकरवी. मी गेले नाही. लोक म्हणतात वय झालं की राग निवतो. माझा निवला नाही, आणि तो निववावा असं मला वाटतही नाही. आता नातवंडं फोनवर अंगठा दाखवतात, सून त्यांना रागावते, की आजीनं एवढं दिलं, नीट थँक यू म्हणा. मी म्हणते, राहू दे गं.

पण त्या संध्याकाळी आईनं सांगितलेलं पत्र मला शब्दन् शब्द आठवतं. चिरंजीव लीलूस काकूचे अनेक आशीर्वाद. तू शिवलेली खोळ पोचली. तिच्यामुळे मशीनवर धूळ बसणार नाही. मग तिनं खोळीची कड उजेडाकडे धरली, शिवणीवरून ते निबर बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत नेलं आणि म्हणाली, "लिही. टाका सरळ आला आहे. माझ्या मशीनवर शिकलीस, याची आठवण ठेव."